दव मागणाऱ्या बाई

शनिवारी बाई कुणाला काही सांगत नसत. त्या हवेशी बोलत.

"आज उजेड जरा रुसलाय," असं संध्याकाळी व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसून म्हणत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, बराच काळ एकटं राहिलेलं माणूस असंच बोलत असेल. मी जिन्यावरून "हो बाई" म्हटलं आणि वर माझ्या खोलीत जाऊन अभ्यासाला बसले. खाली बाई काळोखात तशाच. असे काही शनिवार गेल्यावर शेजारच्या खालांनी गच्चीच्या कठड्यावरून मला झापलं.

"अगे सिल्लोडवाली, बत्ती लगा ना उनकी! उनो मुँह से बोल नै सकते. इत्ता भी नै समझता तेरे कू? कॉलेज कू जाती बोलके!"

तेव्हा कळलं. बाई ज्यू होत्या, कोकणातून आलेल्या बेने इस्राएल घरातल्या. शुक्रवारच्या दिवेलागणीपासून शनिवारी आभाळात तारे दिसेपर्यंत त्यांचा शब्बाथ. त्यात विस्तव पेटवायचा नाही, बटण दाबायचं नाही, आणि दुसऱ्याला 'माझ्यासाठी दाब' असंही सांगायचं नाही. पण उजेड रुसलाय, एवढं म्हणायला हरकत नव्हती. निदान बाईंच्या मते नव्हती.

मग मी ती भाषा शिकले. आपल्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही, आणि आलं की मोटार लावायला सगळी गल्ली धावते. पाण्याचा वार शनिवारी आला की बाई खुर्चीतून म्हणत, "नळ काहीतरी गुणगुणतोय." मी उडी मारून मोटार लावायची. "पंख्याला आज दम लागलाय" म्हणजे पंखा हळू करायचा. एकदा त्या म्हणाल्या, "आज मोगरा फारच बोलका झालाय." मी घरभर फिरले, काय बंद करायचं ते कळेना. शेवटी बाई हसल्या. "अगं, मोगऱ्याचाच वास येतोय. कधीकधी मी नुसतंही बोलते."

बाईंनी शहरातल्या मुलींच्या शाळेत नोकरीभर भूगोल शिकवला होता. टेबलावर पृथ्वीचा गोल होता, त्याच्यावर धूळ साचू देत नसत. "उत्तर दिशा वर नसते, ती फक्त कागदावर वर असते," हे त्यांचं आवडतं वाक्य. भाजीवाल्यालासुद्धा ऐकवत.

या शहरात खोली शोधताना लोकांनी मला आधी आडनाव विचारलं होतं. आडनाव सांगितलं की मागच्याच आठवड्यात खोली गेलेली असायची. आमच्या घरात देव्हारा नाही, बुद्धाची मूर्ती आहे आणि निळ्या कोटातली तसबीर आहे. हे सगळं आडनावातून कसं दिसतं कोण जाणे, पण दिसतं. गुलमंडीच्या मागच्या या गल्लीत मी आणि आबा दिवसभराच्या पायपिटीनंतर पोचलो, तेव्हा आबांनी बोलणंच टाकलं होतं. बाईंनी आम्हाला आधी पाणी दिलं.

"गाव?"

"सिल्लोडच्या पलीकडं."

"काय पिकतं?"

आबांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "काय म्हणता?"

"शेतात काय पिकतं तुमच्या?"

"मका. कापूस. नंतर थोडा हरभरा."

"जमीन काळी का मुरमाड?"

आबा खुर्चीत नीट बसले. त्यानंतर दोघं जमिनीवरच बोलत राहिली. मला आडनाव कधी विचारलंच नाही. भाड्याच्या कागदावर नाव लिहायची वेळ आली तेव्हा बाईंनी सांगितलं, "तूच लिही, मला शुद्धलेखनाची खात्री नाही." ज्यांनी हजारो मुलींच्या वह्या तपासल्या, त्या हे म्हणाल्या. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि ती चढताना मला कुणी आधी पाणी दिलं, हे मी विसरलेली नाही.

बाईंच्या सणांची नावं ऐकून मला गंमत वाटायची. मला वाटलं होतं, सगळं परक्या भाषेत असेल. त्या परकी नावंही सांगत, पण त्यांच्या आजीकडून आलेली नावं वेगळीच होती. नव्याचा सण. खिरीचा सण. दारफळणीचा सण, म्हणजे दारं लावून घेऊन दिवसभर कडक उपास. त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण. आणि बिरड्याचा रोजा, त्याला वालाचं बिरडं.

"बाई, हे तर आमच्यासारखंच की," मी म्हटलं.

"तुमच्यासारखं कसं असेल? आमचंच आहे. कोकणातल्या समुद्रात जहाज फुटलं आणि आमची माणसं किनाऱ्याला लागली, अशी गोष्ट आहे आमच्याकडं. धर्मग्रंथ बुडाले म्हणतात. सण पोहत आले. मराठी शिकत शिकत आले."

दसरा झाला की बाई पिशवी घेऊन गुलमंडीत निघायच्या. सोनं लुटून झालेलं असायचं आणि चौकात आपट्याच्या फांद्यांचे ढीग पडलेले असायचे. त्यातलं निम्मं आपटा नसून कांचन असायचं. ते बाई विकणाऱ्याला तिथंच सांगत.

"हा कांचन आहे. आपट्याच्या नावानं का ओरबाडलास?"

"बाई, आता सण झाला. कशाला भांडता?"

"भांडत नाही. उरलेलं कुठं टाकणार?"

"कुठं म्हंजे? पेटवून देऊ इथंच."

"मग मला दे."

त्या फांद्या, केळीचे खुंट, झेंडूच्या सुकत आलेल्या माळा, सगळं रिक्षात घालून घरी. रिक्षावाले बाईंना ओळखत, एक जण म्हणायचा, "बाई, तुमच्या घरी दसरा शिळा होऊन येतो." चार-पाच दिवसांनी पुनव यायची. बहुतेक वर्षी तीच आपली कोजागरी. त्या रात्रीपासून बाईंचा मांडवांचा सण लागायचा, आणि गच्चीवर त्या उरलेल्या पाल्याचा मांडव उभा राहायचा. सात दिवस त्यातच बसून जेवायचं.

नियम कडक होते. छप्पर जमिनीतून उगवलेल्या आणि कापलेल्या पाल्याचंच हवं. सावली पडली पाहिजे, पण रात्री आतून तारेही दिसले पाहिजेत. आणि बाईंचा स्वतःचा एक जादा नियम: मांडवासाठी एकही फांदी नव्यानं तोडायची नाही. फळझाडाला तर हात लावायचाच नाही. "वेढा घातलेल्या शत्रूच्या गावातलंसुद्धा फळझाड तोडू नये, असं आमच्याकडं सांगितलंय. मी तर माझ्याच गल्लीत राहते."

पहिल्या वर्षी त्यांचा मांडव बघून मला हसू आवरेना. एका बाजूला कलला होता. आमच्या शेतात राखणीला खोप असते, ती बांधताना मी लहानपणापासून बघितलेली. मी पदर खोचला आणि मेढी सरळ करून सुतळीनं आवळल्या. बाई बघत राहिल्या.

"हे तू कुठं शिकलीस?"

"मक्यात रानडुकरं येतात, बाई. खोप लागतेच."

"म्हणजे तुमच्याकडं दर वर्षी हा सण असतो," बाई म्हणाल्या. "तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही, एवढंच."

"पण छपरातून पाऊस आला तर?"

"तर उठायचं आणि घरात जायचं. तक्रार न करता."

बाई गच्चीवर पश्चिमेकडं तोंड करून प्रार्थना म्हणत. जेरुसलेम तिकडं. पण बरोबर त्याच रेषेत शेजारच्या इमारतीची पाण्याची काळी टाकी होती. "जेरुसलेम आणि माझ्यात एवढी एक टाकी आहे," असं त्या म्हणत. म्हणायला हसून म्हणत. पण शहरात त्यांच्या धर्माचं दुसरं कुणी उरलेलं नव्हतं. एकदा मी विचारलं, एकटीनं प्रार्थना केली तर चालते का?

"काही प्रार्थनांना दहा माणसं लागतात," त्या पुस्तक पुसत म्हणाल्या. "दहा पुरुष. इथं दहा नाहीत. आणि असते तरी जुन्या रीतीनं मी त्या मोजणीत नाही. हे होते तेव्हा हे म्हणायचे, मी ऐकायचे. आता मी म्हणते. ती प्रार्थना धरायची की नुसतं पाठांतर, मला ठाऊक नाही." मग लगेच, "चल, भात करपेल."

थंडी सरत आली की झाडांचा वाढदिवस. ज्यूंच्या पंचांगात झाडांचं नवं वर्ष एका ठरावीक पुनवेला लागतं. जगातली सगळी झाडं त्या दिवशी एका वर्षानं मोठी होतात. बाई भाज्या धुतलेलं पाणी बादलीत साठवून ठेवत आणि त्या दिवशी ओल्या फडक्यानं गल्लीतल्या कडुनिंबाची हाताला येतील तेवढी पानं पुसत. रस्त्याच्या धुळीनं ती पार राखाडी झालेली असत.

खाला गच्चीवरून बघत. "टीचरबाई, झाड का मुँह धो रै क्या? हमारे पोट्ट्यां कू नहाने पानी नै इधर!"

"त्यांना घेऊन ये. त्यांचंही पुसते."

"हौ! भाजी के पानी से?"

त्याच दिवशी बाई मलिदा करत: भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, आणि भोवती फळं. तो नैवेद्य एलियाहू हन्नाबींच्या नावानं. ते पैगंबर त्या दिवशी कोकणातल्या एका गावी येऊन गेले, अशी त्यांच्याकडची श्रद्धा. त्यांच्या धर्मग्रंथातल्या फळांपैकी अंजीर दौलताबादचे मिळत, डाळिंब मिळे, जैतून मिळत नसे. त्याजागी बाई बोरं ठेवत. "हे मराठवाड्याचं जैतून," असं ताटालाच समजावून सांगत. परसातल्या कोवळ्या सीताफळाला पावसाळ्यात फळं धरली होती, पण झाडाच्या पहिल्या तीन वर्षांची फळं खायची नाहीत, कुणाला द्यायचीही नाहीत, असा नियम. पाखरांना तो नियम माहीत नव्हता. खाला म्हणायच्या, पुढच्या जन्मी या परसात पोपट होईन.

आता त्या ऑक्टोबरकडं येते. मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला होते.

मांडवाचे सात दिवस संपले की आठवाही दिवस सणाचाच. त्या दिवशी सकाळी बाई पांढरी साडी नेसून एक लांब प्रार्थना सुरात म्हणत. ती पावसाची. मांडवात बसायचं आणि त्याच वेळी पाऊस मागायचा, हे बरं दिसत नाही. म्हणून सात दिवस थांबून आठव्या दिवशी मागतात. दोन वर्षं मी ती ऐकली होती. सूर गोड होता. अर्थ मला माहीत होता, पण माझ्या डोक्यात कधी दुसरा विचार आला नव्हता.

त्या सकाळी आबा पहिल्या एसटीनं आले. मका मोडून कणसांचा ढीग उघड्या शेतात पडला होता, मळणी यंत्र उद्या येणार होतं, आणि पूर्वेकडून आभाळ भरत होतं. सिल्लोडात ताडपत्री संपली होती. सगळ्यांना एकदमच हवी झालेली. आबा ती घ्यायला शहरात आले होते, आणि दुकान उघडेपर्यंत चहाला माझ्याकडं. वर्षाचं सगळं पीक त्या ढिगात होतं. कापूसही फुटून बोंडांत लोंबत होता. त्यांनी रात्रभर डोळा लावला नव्हता, हे त्यांच्याकडं बघून कळत होतं.

गच्चीवरून बाईंचा आवाज आला.

"चांगलं म्हणतात बाई," आबा म्हणाले. "काय मागतात?"

"पाऊस," मी चहा गाळत म्हटलं.

मागं बशी टेकल्याचा आवाज आला. मी वळून बघते तर आबा जिना चढत होते. वर गच्चीच्या दारात त्यांनी चपला काढल्या आणि हात जोडून उभे राहिले.

"बाई, माफ करा. जरा थांबता का?"

बाईंनी डोळे उघडले. मध्येच बोलायचं नसतं, म्हणून त्यांनी हात वर केला, थांबा असा. आबा थांबले नाहीत. "बाई, मका उघड्यावर हाय. पाऊस नका मागू."

बाईंचा हात तसाच वर राहिला. मग हळूहळू खाली आला.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "हा तिकडच्या देशातला पाऊस आहे. तिकडं उन्हाळा कोरडा असतो. पाऊस आता लागतो. ही प्रार्थना तिथल्या जमिनीसाठी आहे."

"आसंल. पण उभं कुठं राहून मागता?"

"इथं."

"मग वरच्याला कसं कळावं, कुठं पाडायचा त्ये?"

पलीकडच्या गच्चीत खाला मिरच्या वाळत घालत होत्या, त्यांचा हात थांबला. मला लाज वाटली. आबा देव मानत नाहीत. गावातल्या कुठल्या जत्रेला जात नाहीत, नवस करत नाहीत, मला कधी करू दिला नाही.

"आबा, तुम्ही तर मानत नाही ना हे?" मी हळूच म्हटलं.

"म्या नाय मानत," आबा बाईंकडंच बघत म्हणाले. "पण बाई मानतात ना? आन् मनापासून म्हणतात, ऐकलं म्या. लागली म्हंजे? पावसाच्या बाबतीत जोखीम कशाला घ्यायची?"

बाई मांडवातल्या स्टुलावर बसल्या. मला वाटलं रागावल्या. त्या पुस्तकाकडं बघत होत्या.

"नोकरीभर मी मोसमी वारे शिकवले," त्या म्हणाल्या. "नैर्ऋत्य, ईशान्य, परतीचा पाऊस, खरिपाचं नुकसान. फळ्यावर बाण काढून. आणि दर वर्षी इथं येऊन तुमच्या मक्यावर पाऊस मागितला. वर्गात भूगोल आणि गच्चीवर…" त्या हसल्या, पण नीट हसता आलं नाही. "जुन्या काळी आमचा मुख्य याजक वर्षातून एकदा देवळाच्या अगदी आत जाऊन मागणं मागायचा. त्यात एक मागणं असं होतं: वाटेनं जाणारे प्रवासी 'पाऊस नको' म्हणतील, त्यांचं ऐकू नको."

"म्या वाटसरू नाय, बाई. शेतकरी हाय."

"तेच तर. शेतकरीच पाऊस नको म्हणेल, हे त्याच्या डोक्यातच आलं नसेल. त्याला सिल्लोड माहीत नव्हतं."

आबांना एवढ्या उत्तरानं धीर आला. ते खाली उकिडवे बसले. "काय मागायचंच आसंल तर दव मागा. आता हरभरा पेरायचा. त्याला पाणी कुठलं आमच्याकडं? त्यो दवावरच येतो."

बाईंनी झटकन वर बघितलं. "काय म्हणालात?"

"दव. दहिवर. पहाटं पडतं त्ये."

बाई पुस्तक चाळू लागल्या. बराच वेळ चाळलं, मग एका पानावर बोट ठेवलं. "दवाची प्रार्थना आहे आमच्यात. अशीच लांब, अशाच सुरात. पण ती वल्हांडणाच्या सणाला म्हणतात. आपल्या चैत्राच्या आसपास."

"चैत्रात?" आबांना हसूच फुटलं. "बाई, चैत्रात आमच्या हिरीत बेडूक सुदिक ऱ्हात नाय. दव कुठलं?"

"आणि तेव्हा तुम्हाला काय हवं असतं?"

"तवा? तवा पाऊस की! तवापासून वाट बघतो."

बाईंचं एक बोट पावसाच्या पानात होतं, दुसरं दवाच्या पानात. त्या दोन पानांमध्ये अर्धं वर्ष होतं. सणाचा तो दिवसही शब्बाथसारखाच, म्हणून त्यांना फोनला हात लावता येत नव्हता, काही लिहिता येत नव्हतं, कुणा जाणत्याला विचारता येत नव्हतं. आजोबांनी म्हटलेली, वडिलांनी म्हटलेली, नवऱ्यानं म्हटलेली प्रार्थना अर्धी झाली होती. ती तशी सोडावी का, आणि दुसरी अवेळी म्हणावी का, हे त्यांचं त्यांनाच ठरवायचं होतं. मला फक्त मक्याची काळजी होती. आज मागं बघताना कळतं, त्या गच्चीवर मक्याहून मोठं काहीतरी उघड्यावर पडलं होतं.

"भाऊ," त्यांनी विचारलं, "तुम्हाला खरंच भीती वाटली? माझ्या म्हणण्यानं पाऊस येईल म्हणून?"

"मग? जिना काय उगाच चढलो?"

बाई उठल्या. पदर नीट केला. पावसाचं पान मिटलं आणि दवाचं उघडलं. पश्चिमेकडं, त्या काळ्या टाकीकडं तोंड करून त्यांनी ती प्रार्थना पहिल्या शब्दापासून म्हटली. तो सूर मी तोवर ऐकलेला नव्हता. चैत्रात मी परीक्षेच्या नादात असायचे. आबाही उठून उभे राहिले. संपल्यावर बाई वळल्या.

"आता तुम्ही 'आमेन' म्हणायचं. कुणीतरी म्हणावं लागतं. माझ्या प्रार्थनेला फार दिवस कुणी म्हटलेलं नाही."

पलीकडून खाला ओरडल्या, "आमीन बोलो भाईसाब, आमीन! हम भी येइच बोलते!"

आबा संकोचले. "म्या ह्यातलं काय म्हणत नसतो, बाई. म्हंजे काय त्येचा अर्थ?"

"अर्थ? खरं आहे. तसंच असो. तुमच्या भाषेत…" बाईंनी क्षणभर विचार केला. "तुमच्या भाषेत 'व्हय'."

"व्हय," आबा लगेच म्हणाले. "आसं आसंल तर, व्हय."

ताडपत्री घेऊन ते दुपारच्या एसटीनं गेले.

संध्याकाळी शहरात पाऊस आला. फार नाही, पण मांडवाचा पाला भिजून काळा झाला आणि झेंडूचा रंग गच्चीभर ओघळला. बाई व्हरांड्यात बसल्या होत्या. चेहरा उतरलेला. थोड्या वेळानं त्या हवेशी बोलल्या, "सिल्लोडकडचं आभाळ कसं असेल, कुणास ठाऊक."

मी वर धावले आणि आबांना फोन लावला. खाली येऊन सांगितलं, "बाई, तिकडं एक थेंब नाही. मका झाकला. यंत्र सकाळी येतंय."

बाईंनी चष्मा काढून पदराला पुसला. मग म्हणाल्या, "अर्धीच म्हटली होती ना मी. गुलमंडीपर्यंतच पोचली."

त्या हिवाळ्यात झाडांच्या वाढदिवसाला आबांनी हरभऱ्याचे डहाळे पाठवले, मुळासकट, मातीसकट. बाईंनी ते मलिद्याच्या ताटात दौलताबादच्या अंजिरांशेजारी ठेवले. एक घाटा सोलून त्यांनी आतला हिरवा दाणा हातावर घेतला आणि चष्मा वर करून बघितला. "ह्याच्यासाठी होती तर ती," एवढंच म्हणाल्या.

बाई प्रामाणिक होत्या. मुंबईकडच्या एका जाणत्या नातेवाइकाला त्यांनी नंतर सगळं विचारलं. उत्तर आलं की असं करता येत नाही. ठरलेल्या प्रार्थनेचा क्रम सगळ्या जगात एकच. माणसानं आपल्या गावाप्रमाणं तो फिरवायचा नाही. ते त्यांनी मला जसंच्या तसं सांगितलं.

"मग आता?" मी विचारलं. मला एकदम घाबरायला झालं. पुन्हा ऑक्टोबर येणारच होता.

"बघू. नियम मोडायचा नाही, आणि मकाही भिजवायचा नाही. वर्षभर वेळ आहे."

पुढच्या वर्षी मी बी.एड.ला होते, पण आठव्या दिवशी मुद्दाम गेले. बाईंनी पावसाची प्रार्थना पूर्ण म्हटली, शब्द न गाळता. मग पुस्तक मिटलं आणि वर बघून मराठीत, शाळेत हजेरी घेतात तशा स्पष्ट आवाजात बोलल्या:

"वरचं सगळं तिकडच्यासाठी. भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्याला. इथं नको. इथं, सिल्लोड तालुक्यात, दव."

माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तुझ्या आबांचं बरोबर होतं. पत्ता घातल्याशिवाय टपाल पोचेल कसं? स्वतःचं मागणं शेवटी आपल्या भाषेत जोडायला कुणाची ना नाही, हे मी विचारून घेतलंय." आणि मग थांबून राहिल्या.

"व्हय," मी म्हटलं.

"आमीन," पलीकडून खाला म्हणाल्या.

काही वर्षांनी बाई परसात पडल्या, पाय मोडला, आणि इस्राएलमधल्या लेकीनं त्यांना तिकडं नेलं. जाताना त्यांना सीताफळाचीच काळजी. त्याची तीन वर्षं कधीच होऊन गेली होती. खालांना तसं चारचौघांत जाहीर करून सांगितलं. घरात आता नवं कुटुंब आहे. खाला म्हणतात, "लोगां अच्छे हैं. पण शनिवार कू भी बत्ती खुद लगाते. हमारे कू कामच नै रहा."

मी आता आमच्याच भागातल्या शाळेत शिकवते. भूगोलही शिकवते. पहाटे कधी शेतात जाते. मागच्या हिवाळ्यात अशीच गेले होते. हरभरा वीतभर झाला होता आणि पायाखालची वाट ओली होती. तेवढ्यात फोन वाजला. तिकडं अजून रात्रच असणार. म्हाताऱ्या माणसांना झोप नसते.

"इथं प्रार्थनेला दहाच काय, शंभर असतात," बाई सांगत होत्या. आवाज बारीक झाला होता. "मी वर, बायकांच्या सज्जात. आठव्या दिवशी सगळ्यांनी पाऊस मागितला आणि चार दिवसांत आलाही. इथं प्रार्थना अगदी बरोबर बसते. कुणी जिना चढून थांबवायला येत नाही." त्या जरा थांबल्या. "माझी ती पुरवणी मी जोडतेच शेवटी. मराठीत. शेजारची बाई माझ्याकडं बघते. तिला कळत नाही, म्हणून ती आमेन म्हणत नाही."

मी वाकून हरभऱ्याच्या शेंड्यावरून हात फिरवला. हात ओला झाला, आणि त्या पानांना आंबूस चव असते, ती बोटांवर आली.

"बाई, दव पडलंय," मी म्हटलं. "चांगलं पडलंय."

"व्हय?" बाईंनी तिकडून विचारलं.

"व्हय," मी म्हटलं.